संगीत नाटक लिहायचंय? आधी गाणार कोण ते ठरवा

दिवाळी उलटली की माझ्याकडे कुणी ना कुणी वही घेऊन येतं. बडोद्यात मी पेटी शिकवते, हौशी मंडळींच्या नाटकांना चाली लावून देते, त्यामुळे हे ओघानं आलंच. वहीत गोष्ट असते, मधूनमधून गाणी असतात आणि पहिल्या पानावर नाटकाच्या नावाआधी 'संगीत' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. माझा पहिला प्रश्न ठरलेला: यात गातं कोण? बहुतेकांचं उत्तर येतं, 'नायक, नायिका आणि शेवटी सगळे.' एवढ्यावर नाटक उभं राहत नाही. गाणारा कोण, तो कुणाला उद्देशून गातो आणि चांगलं चाललेलं बोलणं सोडून गाण्यावर का येतो, याची उत्तरं मिळाली की आपण कुठल्या जातीचं संगीत नाटक लिहितोय ते समजतं. याच्या उलट, आधी 'मला लोकनाट्यच करायचंय' असं ठरवून गोष्ट त्यात कोंबायला गेलात, तर पहिल्या अंकातच ओढाताण सुरू होते.

विषयावरून प्रकार ठरतो, हा समज तर अगदी सुरुवातीलाच सोडून द्या. इतिहास म्हणजे पोवाडा, पुराण म्हणजे रागदारी, घरगुती विषय म्हणजे भावगीत, असं काही नसतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्याला धरून आपापली भाषणं करायची. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि पात्रं स्वतःची पदं स्वतः गाऊ लागली. दोन्हीकडे कथा पुराणातलीच. पण सूत्रधार गातो तेव्हा आपण सीतेची हकिगत ऐकतो, आणि शकुंतला स्वतः गाते तेव्हा तिच्या मनात जाऊन बसतो. गळा बदलला आणि नाटकाची जातच बदलली.

नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून एक गोष्ट घेऊ. दांडिया बाजारातला जुना वाडा विकायला निघालाय. दोन बहिणी. थोरली इथेच राहिली, आईचं दुखणंखुपणं तिनंच काढलं. धाकटी पुण्याहून कागदांवर सह्या करायला आलीय. एक दलाल आहे, शेजारीपाजारी आहेत. आता हीच गोष्ट वेगवेगळ्या गळ्यांत घालून बघू.

थोरली स्वतः गाते

रात्र झालीय, धाकटी झोपलीय, थोरली एकटी ओसरीवर. इथे तिला पद दिलंत तर नाटकातलं घड्याळ थांबतं. कथा इंचभरही पुढे सरकत नाही, पण ती बाई आतून कळते. आपल्या नाट्यपदाची खरी ताकद हीच, आणि त्यासाठी जुन्या छंदांसारखं साधन नाही. दिंडीच घ्या. ओळीत एकोणीस मात्रा, नवव्या मात्रेवर थांबा, शेवटी दोन गुरू, म्हणजे दोन-दोन मात्रांची दीर्घ अक्षरं:

जुना वाडा हा, बोलतो मनाशी
कुणी यावे अन्, बसावे उशाशी

मोजून बघा: 'जुना वाडा हा' नऊ, 'बोलतो मनाशी' दहा. नऊवरच्या थांब्याशी गायकाला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला शब्द पोचतो. साकी घेतलीत तर सोळा अधिक बारा अशा अठ्ठावीस मात्रा. ती जरा लांब पल्ल्याची, हकिगत सांगायला बरी. माझ्या मते नव्या लेखकानं मुक्तछंदात गाणं लिहिण्याआधी महिनाभर तरी दिंडी, साकी, ओवी आणि अभंग गिरवावेत. चाल लावणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

या प्रकारात जायचं तर एक अट आहे. ज्याच्या मनात सगळ्यात जास्त साचलंय त्यालाच गाणी द्यायची. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग आपल्या बडोद्यात झाला, 20 फेब्रुवारी 1919 रोजी. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. नाटककार गडकरी आधीच्याच महिन्यात गेले होते आणि पदं वि. सी. गुर्जरांची होती. नाटक दारूवर, दारू पिणारा सुधाकर. पण मनात राहतात ती त्याच्या बायकोची, सिंधूची पदं. बोलून दाखवायची जिला सोय नाही, तिच्याकडे गाणं आलं. आपल्या गोष्टीत धाकटी फटकळ आहे, मनात येईल ते बोलून मोकळी होते. तिला गाणं लागतच नाही. थोरली आयुष्यभर गप्प राहिलीय. पदं तिची.

याच घरातली दुसरी तऱ्हा म्हणजे गाण्यानं कथा पुढे न्यायची. अमेरिकेत ब्रॉडवेवर 1943 साली 'ओक्लाहोमा!' आलं आणि गाणं सुरू होताना पात्र जिथे असतं तिथेच ते संपताना असू नये, ही अपेक्षा तिकडे रुजली. आपल्या गोष्टीत असं करायचं तर दोघी बहिणी कपाट आवरताना गातील, आणि गाण्याच्या सुरुवातीला 'विकायचा' म्हणणारी धाकटी शेवटच्या कडव्यापर्यंत डळमळेल. अशा गाण्यात आलापाला जागा नसते. शब्द भराभर, चाल बोलीच्या चढउताराला धरून. रागदारीची तयारी असलेली गायिका इथे अवघडते आणि साधा गळा असलेली चांगली अभिनेत्री तारून नेते. म्हणून तुमच्याकडे माणसं कोणती आहेत ते बघूनच या दोहोंतून निवडा.

पात्रं मुळातच गवई असतील तर तुमचा मोठा प्रश्न सुटला. दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' 1967 चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. तिथे भांडणच गायकीवरून आहे, त्यामुळे 'आता हा का गातोय?' असं कुणाच्या मनातही येत नाही. थोरली गाण्याच्या शिकवण्या करते एवढं जरी ठेवलंत तरी निम्म्या गाण्यांना घरबसल्या कारण मिळतं. बडोद्यात हे कुणालाही पटेल. मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेली गायनशाळा इथे 1886 पासूनची, तिचीच पुढे विद्यापीठाची फॅकल्टी झाली, आणि सूरसागरावरून जाताना कुठल्या ना कुठल्या खिडकीतून रियाज ऐकू येतो.

शेजारीपाजारी गातात

आता वाड्याबद्दल दोघी बहिणी गातच नाहीत. गातात भोवतालची माणसं: समोरचा किराणावाला, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, रोज पारावर बसणारे. मग नाटक घरगुती राहत नाही, ते गावाचं होतं. गाव काय बघतं, काय दडवतं, कुणाला झाकतं. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' 1972 साली आलं, भास्कर चंदावरकरांचं संगीत, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यात ब्राह्मणांची रांग हाच पडदा, तीच भिंत, तीच भजनं म्हणणारी, आणि तीच गुन्ह्यात सामील. घोळका गातो तेव्हा त्याच्यावर जबाबदारीही टाकता येते. हे एकट्याच्या पदाला जमत नाही.

हा प्रकार हौशी मंडळींना मी आवर्जून सुचवते. एकेकटं गाण्याची हिंमत नसलेली दहा माणसं मिळून दणदणीत गातात. आणि आपल्या गावाला घोळक्यानं गायची सवय आहे. नवरात्रात एकानं ओळ टाकायची आणि गोलानं झेलायची, हे इथल्या पोराटोरांना शिकवावं लागत नाही. गरब्यातला हींच आणि आपला दादरा दोन्ही सहा मात्रांचे. शेजाऱ्यांचं गाणं हींचच्या ठेक्यावर सुरू होऊन मराठी शब्दांनिशी दादऱ्यात उतरलं तर त्यात ओढूनताणून काहीच वाटणार नाही. नाचाच्या हालचालीही आयत्या मिळतात. फक्त एक सांभाळा. घोळक्याचे शब्द कमी ठेवा आणि ओळी पुन्हा पुन्हा येऊ द्या. दहा तोंडांतून निघालेलं जोडाक्षर शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो.

बाहेरचा माणूस गातो

तिसरा गळा सूत्रधाराचा, शाहिराचा, सोंगाड्याचा. तो गोष्टीत असतोही आणि नसतोही. तमाशाची गण, गौळण, बतावणी, वग ही चढण त्याच्याच जोरावर. इथे गाणं थेट प्रेक्षकांशी बोलतं, आणि दोन गाण्यांमधली बतावणी गाण्याइतकीच मोलाची असते. आपल्या वाड्याचा सौदा बतावणीत असा येईल:

दलाल : बोला, वाड्याचे किती?
सोंगाड्या : तुळशीसकट का तुळस वगळून?
दलाल : तुळशीला कसला भाव?
सोंगाड्या : मग आधी तिलाच विचारून या.

ज्यांना असं लिहिताना हात आखडत नाही, त्यांनीच लोकनाट्याला हात घालावा. नुसत्या लावण्या आणि ढोलकी घालून लोकनाट्य होत नाही. संवाद लिहिणाऱ्याला हजरजबाबीपणा हवा आणि करणाऱ्याला त्याच दिवशीच्या गावातल्या घडामोडीवर चार वाक्यं टाकता यायला हवीत.

याच गळ्याची वेगळी छटा बर्लिनमध्ये 1928 साली ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'त दिसली. तिथे गाणं मुद्दाम गोष्ट तोडतं, प्रेक्षकाला भानावर आणतं. पु. ल. देशपांड्यांनी त्याचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं, ते 1978 साली रंगभूमीवर आलं. आपल्याकडे हे परकं वाटलं नाही, कारण गोष्ट थांबवून चार शब्द सुनावणारा सोंगाड्या आपल्या ओळखीचाच होता. तुमच्या नाटकाला कुणावर तरी रागवायचं असेल, कुणाला जाब विचारायचा असेल, तर हा गळा घ्या. थोरलीच्या एकटेपणासाठी मात्र घेऊ नका. तिच्या दुःखावर बाहेरच्यानं भाष्य केलेलं मला स्वतःला सोसवत नाही.

गुजरातेत राहणाऱ्यांना आणखी एक वाट मोकळी आहे, आणि तिच्याकडे आपण मराठी लोक पुरेसं बघत नाही याचं मला वाईट वाटतं. भवाई या गुजराती लोकनाट्यातला रंगलो हा आपल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ, आणि भुंगळांचा, म्हणजे लांब तुताऱ्यांचा, आवाज झाला की भोवतालची गर्दी आपोआप गोल करते. दलाल गुजरातीत बोलतोय, सोंगाड्या मराठीत उत्तर देतोय, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळतंय, हे रावपुऱ्यात रोज घडतं. ते रंगमंचावर आणा.

एकटाच गातो

पैसे नाहीत, माणसं नाहीत, तालमीला जागा नाही. तरी संगीत नाटक होतं. नारदीय कीर्तनात एक माणूस पूर्वरंगात विषय मांडतो, उत्तररंगात आख्यान लावतो, राजा, राणी, द्वारपाल सगळं स्वतःच होतो. पेटी, तबला, झांज बस्स. बडोद्याचा प्रेमानंद सतराव्या शतकातला. त्याची आख्यानं माणभट्ट तांब्याच्या माणेवर, म्हणजे घड्यावर, अंगठ्या घातलेल्या बोटांनी ताल धरत गातात. दोन्ही परंपरा आपल्याच शहरात शेजारी नांदल्या. थोरलीनं वाड्याचं आख्यान लावलं तर? दलाल तीच, धाकटी तीच, गेलेली आईही तीच. आणि उंबऱ्याशी आली की अभंग, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा:

उंबऱ्याशी आई, ठेविला मी माथा
आता तुझी कथा, कोण सांगे

एकाऐवजी दोघी हव्या असतील तर प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' जरूर बघा. 2017 सालचं. आवली आणि लखूबाई, दोनच बायका, आणि पूर्ण नाटक. संगीत नाटकाला वीस पात्रं आणि मखमली पडदे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांचा तो समज या नाटकानं पार पुसून टाकलाय.

पट्टीचं गणित

गळा ठरला की चाल लावायच्याही आधी पट्टी बघायची, म्हणजे गाणाऱ्याचा 'सा' पेटीवरच्या कुठल्या सुरावर बसतो ते. पुरुष साधारण काळी एक किंवा दोनमध्ये (सप्तकातल्या पहिल्या किंवा दुसऱ्या काळ्या पट्टीत) गातो, बाई काळी चार किंवा पाचमध्ये. किर्लोस्कर-गंधर्वांच्या काळी स्त्रीभूमिकाही पुरुषच करत, त्यामुळे युगुलगीतात हे अंतर आजच्याइतकं बोचत नसे. आता बोचतं. त्याच्या पट्टीत गायला लावलं तर ती खर्जात गुदमरते, तिच्या पट्टीत लावलं तर तो किंचाळतो.

उपाय पेटीवरच दिसतो. त्याचा षड्ज, म्हणजे सा, काळी एक धरा. मग त्याचा पंचम, म्हणजे प, येतो काळी चारवर, आणि तोच तिचा षड्ज. तिच्या बाजूनं बघा: काळी चार षड्ज धरला की काळी एक हा तिचा मध्यम, म्हणजे म. म्हणजे तंबोरा तोच, दोन स्वर तेच; त्याच्यासाठी ते षड्ज-पंचम, तिच्यासाठी षड्ज-मध्यम. तिला मध्यमाला मान असलेला राग द्या, बागेश्री किंवा मालकंस, आणि त्याला पंचमाचा. दोघं आपापल्या सोयीच्या पट्टीत गातात, तंबोरा बदलावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला खटका जाणवत नाही. फक्त लिहिताना युगुलगीत सवालजवाबासारखं ठेवा, दोघांना एकाच ओळीवर एकत्र आणायचा हट्ट शेवटच्या ध्रुवपदापुरताच धरा.

साथ प्रत्यक्ष की मुद्रित, हेही प्रकारावर अवलंबून. नाट्यपदाला जिवंत पेटी-तबला हवाच. गायिका एखाद्या जागेवर रेंगाळली, प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' आला, तर मुद्रित ट्रॅक तिच्यासाठी थांबणार नाही. घोळक्याच्या नाचत्या गाण्याला ट्रॅक चालतो, उलट ठेका एकसारखा राहिल्यानं पावलं चुकत नाहीत. बतावणीत ढोलकीवाला समोर असायलाच हवा, कारण हशा ओसरेपर्यंत थाप धरून ठेवणं त्याचं काम.

चाली उसन्या घ्यायच्या तर कायदा माहीत हवा. लेखक किंवा संगीतकार गेल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं त्याच्या कृतीवर हक्क राहतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांचं लेखन त्या मुदतीबाहेर आलंय. खाडिलकर 1948 साली गेले. दारव्हेकर, कानेटकर, अभिषेकी यांचं नाही. त्यांच्या पदावर बेतलेलं काही करायचं असेल तर वारसांची परवानगी घ्या, आणि चित्रपटगीताच्या चालीवर शब्द बसवायच्या फंदात तर पडूच नका. नवी चाल बांधून देणारी माणसं प्रत्येक गावात असतात, त्यांना विचारा. ती आनंदानं येतात.

एक पान

संहिता लिहायला बसण्याआधी एका पानावर गाण्यांची यादी करा. प्रत्येक गाण्यापुढे चार गोष्टी: कोण गातं, कुणाला, गाण्याआधीचं शेवटचं वाक्य कोणतं, आणि गाणं काढून टाकलं तर काय बिघडतं. शेवटच्या रकान्यात काही लिहिता आलं नाही तर ते गाणं काढा, कितीही गोड असो. दोन अंकांच्या, अडीच तासांच्या नाटकाला दहाबारा गाणी मला पुरेशी वाटतात. सगळ्या गाण्यांपुढे एकाच जातीचा गळा यायला हवा असं नाही. थोरली पदं गाते आणि शेजारी घोळक्यानं गातात, हे एकत्र सुखानं नांदतं. पण पहिल्या पंधरा मिनिटांत दोन्ही गळे एकदा तरी ऐकू आले पाहिजेत. दुसऱ्या अंकात अचानक सूत्रधार उगवला आणि गाऊ लागला, तर प्रेक्षक दचकतो आणि नाटकाबाहेर पडतो.

पहिलं वाचन ठेवाल तेव्हा पेटी आणू नका. गाणी बोलून वाचा, नेहमीच्या आवाजात. समोर दोनतीन तरी अशी माणसं बसवा जी घरात मराठी बोलतात पण शाळा गुजरातीतून शिकलीत. बडोद्यात अशी दुसरी-तिसरी पिढी घराघरांत आहे, आणि तुमचा प्रेक्षक बहुतांशी तोच. वाचून झालं की त्यांना प्रत्येक गाण्यातली एक ओळ आठवून म्हणायला सांगा. जी ओळ कुणालाच आठवत नाही तिच्यात बहुधा समास दडलेला असतो किंवा एका श्वासात न मावणारं वाक्य. ती तिथल्या तिथे बसून बदला, पुन्हा मोठ्यानं वाचा, आणि मगच वही चालीसाठी द्या.